ऑटोमेशनवरच्या गाण्यांच्या कडा: क्यू पॉइंट लावायचे की फाइलच कापायची?

कोमल_रिषभ (धागाकर्ते)

इंटरनेट रेडिओ स्टेशनची मांडणी अशी आहे: आझुराकास्ट (स्टेशन चालवायचं पॅनेल), त्याच्या पोटात लिक्विडसोप (गाणी एकामागून एक लावून जोडणारा प्रोग्रॅम), पुढे आइसकास्ट (श्रोत्यांपर्यंत प्रवाह पोचवणारा सर्व्हर). एकच माउंट, म्हणजे एकच प्रवाह, १२८ केबीपीएस एमपी३. लायब्ररीत साधारण २२०० फाइली: भावगीतं, नाट्यपदं, अभंग, काही लांब ख्याल आणि ७८ आरपीएम तबकड्यांवरून उतरवलेलं बरंच काही. रात्री माणूस नाही, सगळं प्लेलिस्टवर.

दुखणं एकच, रूपं तीन. बऱ्याच फाइलींच्या शेवटी ४ ते ८ सेकंद शांतता आहे. काहींच्या सुरुवातीलाही २-३ सेकंद आहे. आणि क्रॉसफेड (एक गाणं उतरत असतानाच पुढचं चढवणं) ५ सेकंदांचा ठेवल्यामुळे तो त्या शांततेवरच होतो, म्हणजे आधीचं गाणं केव्हाच संपलेलं असतं आणि पुढचं शून्यातून वर येतं.

एफएफएमपेगचा (टर्मिनलवरून ऑडिओ फाइली हाताळायचं साधन) शांतता कापणारा सायलेन्सरिमूव्ह फिल्टर अख्ख्या फोल्डरवर एकदाच फिरवून टाकावा असा विचार आहे. कोणी अडवणार असेल तर आत्ताच अडवा.

फेडर_खाली

अडवतोय. :)

(फिल्टर आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्ये टाइप करा.)

नेटवर जी एका ओळीची कमांड जिथेतिथे चिकटवलेली दिसते, तिच्यात स्टॉप-पिरियड्स उणे १ असतं. उणे आकड्याचा अर्थ ‘शेवटची शांतता काढ’ असा नाही. तो ‘सापडेल ती प्रत्येक शांतता काढ, मधलीसुद्धा’ असा आहे. व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगला ते चालून जाईल. अंतरा सुरू होण्याआधीचा विराम गेला की मात्र ठेकाच लंगडतो, आणि ऐकणाऱ्याला चूक कुठे आहे ते न कळताही काहीतरी खटकत राहतं. उणे १ च्या जागी नुसतं १ लिहिलं तर दुसरंच संकट: ठरवलेल्या लांबीची पहिली शांतता जिथे मिळेल तिथे फाइल संपते. साडेचार मिनिटांचं पद १ मिनिट १० सेकंदांचं होऊन बाहेर पडतं.

फक्त शेवट कापायचा तर फाइल उलटी करतात, उलट्या फाइलची सुरुवात कापतात आणि पुन्हा सुलटी करतात. म्हणजे सायलेन्सरिमूव्ह, एरिव्हर्स, सायलेन्सरिमूव्ह, एरिव्हर्स, या क्रमाने. चालतं. पण एरिव्हर्सला अख्खा आवाज मेमरीत घ्यावा लागतो. ४४.१ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, ३२ बिट फ्लोट धरलं तर तासाला १.२७ जीबी. तुमचे लांब ख्याल छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) तिथेच गुदमरतील.

यापेक्षा मोठी हरकत वेगळीच आहे. एमपी३ उलगडून कापून पुन्हा एमपी३ केला की एक पिढी गेली. तो पुढे १२८ वर प्रसारणासाठी पुन्हा एन्कोड होणार, म्हणजे दुसरी. तंबोऱ्याच्या जवारीत आणि झांजेत ते ऐकू येतं. आणि थ्रेशोल्ड (ज्याखालच्या आवाजाला शांतता धरायचं ती पातळी) चुकला तर गेलेला आवाज परत आणायला मूळ फाइल उरलेली नसते.

तुमच्याकडे लिक्विडसोप आहे. फाइलला हात न लावता क्यू पॉइंट लावा, म्हणजे कुठून वाजवायचं (क्यू इन) आणि कुठे थांबायचं (क्यू आउट) याचे आकडे. इतकंच.

बत्ती_गुल

+१. क्यू पॉइंट चुकला तर आकडा बदलायचा. फाइल चुकली तर बॅकअप शोधायचा.

कोमल_रिषभ

पटलं. पण २२०० फाइलींना क्यू पॉइंट हाताने? आझुराकास्टमध्ये फाइल उघडून ‘व्हिज्युअल क्यू एडिटर’मध्ये लहरी बघून खुणा लावता येतात ते माहीत आहे. एकेका फाइलला दीड मिनिट धरलं तरी ५५ तास होतात.

फेडर_खाली

हाताने नाही. एफएफएमपेगचाच दुसरा फिल्टर वापरा, सायलेन्सडिटेक्ट. हा काहीही कापत नाही, फक्त लॉगमध्ये शांतता कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि किती वेळ होती ते छापतो. आउटपुट ‘नल’ ठेवायचं, म्हणजे नवी फाइल बनत नाही.

दोनच आकडे द्यायचे असतात. नॉइज, म्हणजे किती खालच्या पातळीला शांतता म्हणायचं. मुळात उणे ६० डीबी असतो. आणि डी, म्हणजे ती किती वेळ टिकली तर मोजायची. मुळात २ सेकंद. स्वच्छ स्टुडिओ रेकॉर्डिंगला उणे ५० डीबी आणि ०.५ सेकंद इथून सुरुवात करा.

एक उदाहरण करून दाखवतो. फाइल ४ मिनिटं १२ सेकंद, म्हणजे २५२.०० सेकंद. लॉगमध्ये तीन जोड्या आल्या:

पहिली शांतता ० ला सुरू, १.८४ ला संपली.
दुसरी १३१.०२ ला सुरू, १३१.७० ला संपली.
तिसरी २४७.३६ ला सुरू, २५२.०० ला संपली.

मधली सोडून द्यायची, तो गाण्यातला विराम आहे. पहिली खरोखर फाइलच्या तोंडाशी आहे का ते बघायचं: तिची सुरुवात ०.०५ सेकंदाच्या आत असली तरच धरायची. शेवटचीचा शेवट फाइलच्या लांबीशी जुळला तरच धरायची. मग:

क्यू इन = १.८४ − ०.१० = १.७४
क्यू आउट = २४७.३६ + ०.४० = २४७.७६

वाजणारा वेळ २४६.०२ सेकंद. आधीचा ०.१० आणि नंतरचा ०.४० हे कंजूषपणा न करता ठेवायचे, कारण थ्रेशोल्ड ओलांडायच्या आधीही आवाज असतोच.

दोन गोष्टी स्क्रिप्ट लिहिताना छळतात. पहिली शांतता कधीकधी ० ऐवजी किंचित उणे आकड्याला सुरू झालेली दिसते, ते ० धरा. आणि एफएफएमपेगच्या जुन्या आवृत्त्या फाइल शांततेतच संपली तर त्या शेवटच्या शांततेचा ‘एंड’ छापतच नाहीत. म्हणजे ‘स्टार्ट’ आहे, जोडीदार नाही. अशा वेळी ती शांतता फाइलच्या टोकापर्यंत आहे असं समजायचं.

वर्तुळ_पूर्ण

आझुराकास्टमध्ये हे आकडे एकगठ्ठा भरता येतात. मीडियाची यादी सीएसव्हीत उतरवून, बदलून परत चढवायची सोय आहे (बल्क मीडिया इम्पोर्ट/एक्स्पोर्ट), आणि त्यात क्यू इन, क्यू आउटचे रकाने असतात. क्रम असा ठेवा: आधी उतरवा, त्याची एक प्रत बाजूला काढा, स्क्रिप्टने फक्त ते दोन रकाने भरा, पाचदहा ओळींची छोटी फाइल करून चढवून बघा, मग सगळी.

सीएसव्ही एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडू नका. देवनागरी शीर्षकांचा चुराडा होतो आणि तसंच सेव्ह करून परत चढवलं तर २२०० गाण्यांची नावं चौकटी-प्रश्नचिन्हांत जातील. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा, किंवा स्प्रेडशीटच्या वाटेला न जाता स्क्रिप्टनेच लिहा.

सा_पासून_सा

क्यू आउटबद्दल एक खुलासा, कारण निम्म्या तक्रारी इथूनच येतात. लिक्विडसोपला क्यू आउट फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेला लागतो. ‘शेवटून किती सेकंद कापायचे’ असा तो आकडा नसतो, आणि क्यू इनपासूनही मोजायचा नसतो. शेवटची ४ सेकंदं नकोत म्हणून ४ लिहिलं तर गाणं चौथ्या सेकंदाला संपतं, पुढचंही तसंच, आणि स्टेशन पत्त्यांसारखं गाणी पिसत सुटतं.

आकडा सेकंदांत आणि दशांश चिन्हाने. मिनिट-कोलन-सेकंद नाही, सॅम्पलची संख्याही नाही.

आझुराकास्ट नसेल, नुसती लिक्विडसोपची स्क्रिप्ट असेल तर प्लेलिस्टच्या प्रत्येक ओळीआधी ‘ॲनोटेट’ लावून लिक-क्यू-इन आणि लिक-क्यू-आउट द्यायचे. जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी स्रोताला क्यू-कट नावाच्या ऑपरेटरमध्ये गुंडाळावं लागायचं. २.२ च्या मालिकेत तो ऑपरेटर निघाला आणि हे आपोआप होऊ लागलं. त्यामुळे जुनं ट्यूटोरियल उतरवून घेतलं की नव्या आवृत्तीवर स्क्रिप्ट सुरूच होत नाही, आणि नवं उतरवून घेतलं की जुन्या आवृत्तीवर स्क्रिप्ट निमूट चालते पण एकही खूण पाळली जात नाही. दुसरं जास्त वाईट.

कोमल_रिषभ

१५० फाइलींवर चाचणी घेतली. भावगीतांवर छान. पण तबकड्यांवर एकही शांतता सापडत नाही, लॉग कोरा. आणि चार-पाच अभंगांचा पहिला शब्दच अर्धवट ऐकू येतो.

सा_पासून_सा

अभंगाचं आधी, कारण ते सोपं.

पहिला शब्द ‘ह’, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांपैकी कशाने सुरू होतोय का बघा. या अक्षरांची सुरुवात म्हणजे नुसती हवा. तिची पातळी खूप खाली असते, थ्रेशोल्ड ओलांडतो तो त्यामागचा स्वर. मग ‘हरी’चा ‘अरी’ होतो. ‘क’, ‘ट’, ‘प’ने सुरू होणाऱ्या शब्दाला हा त्रास जवळजवळ नाही, कारण तिथे एकदम स्फोट असतो. ढोलकीच्या थापेचंही तसंच, ती जागच्या जागी सापडते.

उपाय: गळ्याने सुरू होणाऱ्या गाण्यांना आधीचा मोकळा वेळ ०.१० ऐवजी ०.३० ठेवा. गायकाचा श्वास ऐकू आला तर येऊ द्या. श्वास कापून थेट शब्दावर उडी घेतली की आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटतो. आणि अशा गाण्यांना फेड इन (आवाज शून्यातून हळूहळू चढवणं) ठेवू नका. दोन सेकंदांचा फेड इन असला तर क्यू कितीही अचूक लावा, पहिला शब्द गिळलाच जाणार. तुमच्या चार-पाचांत हेच निघण्याची शक्यता जास्त.

कोमल_रिषभ

बरोबर. तिघांत ‘ह’ आणि ‘स’ होते, बाकी दोघांत फेड इन.

खरखर

आता तबकड्या. हा माझा प्रांत.

सायलेन्सडिटेक्ट प्रत्येक सॅम्पलची उंची बघतो, सरासरी नाही. तबकडीवर एक क्लिक आला आणि त्याचं टोक थ्रेशोल्डच्या वर गेलं की तोवर मोजलेली शांतता रद्द, मोजणी पुन्हा शून्यापासून. ७८ ची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ०.७७ सेकंद. एक ओरखडा असेल तर दर ०.७७ सेकंदाला एक क्लिक. तुम्ही डी २ सेकंद ठेवलात तर शांतता जन्मात सापडणार नाही. ०.५ ठेवलात तर एका ओरखड्याच्या तबकडीवर सापडेल, दोन ओरखड्यांच्या नाही.

त्यात पृष्ठभागाची खरखर. जुन्या तबकडीवर ती सहज उणे ३५ ते उणे ४५ डीबीवर असते. तुम्ही उणे ५० ला शांतता शोधताय. तिथे शांतता नाहीच.

म्हणून शोधण्यापुरती वेगळी साखळी लावा. तुम्ही फाइल बदलत नाही आहात, फक्त आकडे काढताय, तेव्हा आवाज कितीही कुरूप झाला तरी फिकीर नाही:

हायपास ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं सगळं गाळा. टर्नटेबलची घरघर आणि डिजिटायझरचा डीसी ऑफसेट (अख्खी लहर शून्यापासून सरकलेली असणं) दोन्ही जातात. ऑफसेट असलेल्या फाइलीत ‘शांतता’ शून्यावर नसतेच, त्यामुळे हा टप्पा टाळू नका.
लोपास ४ किलोहर्ट्झ, म्हणजे त्यावरचं गाळा. खरखरीचा बराच भाग वर असतो, गाणं खाली.
ॲडीक्लिक. क्लिक पुसतो.
मग सायलेन्सडिटेक्ट, उणे ३२ ते उणे ३६ डीबी, डी ०.४.

या साखळीने आलेल्या आकड्यांना मोठा मोकळा वेळ द्या: सुरुवातीला ०.६, शेवटी १.०. आणि इथे, वरच्या अभंगांच्या उलट, ०.३ सेकंदांचा फेड इन जरूर ठेवा. खरखर एकदम सुरू झाली तर नळ सोडल्यासारखी वाटते. हळूच आली तर कान तिला लगेच विसरतो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणं संपल्यावर क्षणभर थांबून गायक-गायिका स्वतःचं नाव सांगत. गौहर जान यांची ‘माय नेम इज गौहर जान’ ही इंग्रजीतली घोषणा तर प्रसिद्धच आहे; नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. ज्या स्क्रिप्टमध्ये ‘शेवटच्या दहा सेकंदांत पहिली शांतता दिसली की तिथेच कापा’ असा शॉर्टकट असतो, ती ही घोषणा उडवते. फेडर_खाली यांनी वर दिलेली अट, म्हणजे शांतता फाइलच्या टोकाला भिडली पाहिजे, इथे वाचवते. तरी प्रत्येक जुन्या तबकडीचे शेवटचे पंधरा सेकंद कानाने ऐका. स्टेशनवर ती घोषणा ठेवायची की नाही हा आवडीचा प्रश्न. माझं मत विचाराल तर ठेवा, पुढचं गाणं तिच्यावर चढवू नका.

बत्ती_गुल

अवांतर: ‘एका फेऱ्याला ०.७७ सेकंद’ हे वाक्य वाचून डोक्यात वीज पेटली. इतकी वर्षं डी २ का चालत नाही ते कळत नव्हतं.

तिहाई३

ख्यालाचं कोणी बोललं नाही म्हणून.

उणे ५० डीबी इथेही धोक्याचं आहे. सुरुवातीचा तंबोरा, लांबून माइक केलेला असेल तर, उणे ५० च्या आसपासच तरंगतो. स्क्रिप्ट तंबोऱ्याला शांतता समजून थेट पहिल्या ‘सा’वर आणून ठेवते. कान जुळायला जो वेळ हवा तो गेला. या फोल्डरला उणे ६० डीबी आणि डी १.५ द्या, फेड इन २ सेकंद. तंबोरा सतत वाजत असल्याने त्याला लांब फेड शोभतो.

लांब ख्याल तासाच्या खाचेत बसवायला शेवट आधी आणायचा असेल तर शांततेवर विसंबू नका, समेवर कापा. मुखडा घेऊन गायक समेवर येतो तो क्षण शोधा, त्यानंतर तबल्याचा नाद विरेपर्यंत साधारण दीड सेकंद द्या, तिथे क्यू आउट. जागा शोधायला धीर लागतो: विलंबित एकतालात १२ मात्रा, मात्रेला ४ सेकंद धरली तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. म्हणजे हवी ती वेळ आणि मिळालेली सम यांत पाऊण मिनिटापर्यंत फरक पडू शकतो. तो फरक जिंगलने भरा. तान अर्धी तोडून वेळ जुळवू नका, श्रोता दुसऱ्या दिवशी येत नाही.

विलंबित आणि द्रुत यांच्यामधला सांधा ही सर्वांत सोयीची जागा. नुसत्या लिक्विडसोपवर एकच फाइल प्लेलिस्टमध्ये दोनदा लिहून दोन वेगळ्या ॲनोटेट देता येतात: एका ओळीत ० ते १४८०, दुसरीत १४८० ते शेवट. फाइल एकच, वाजते दोन रचनांसारखी. आझुराकास्टमध्ये फाइलगणिक क्यूचा एकच संच असतो, तिथे प्रत करावी लागेल.

मधला भाग गाळायचा असेल तर मात्र क्यू पॉइंटने होणार नाही. ते संपादन आहे, त्याला ऑडासिटीसारखा ऑडिओ एडिटर.

सा_पासून_सा

आणि सलग मैफलीच्या सीडींना हात लावू नका. एका ट्रॅकच्या टाळ्या पुढच्या ट्रॅकमध्ये वाहत जातात. तिथे क्यूही नको, क्रॉसफेडही नको.

वर्तुळ_पूर्ण

क्रॉसफेडचा मुद्दा धागाकर्त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये काढला होता, तो राहून जातोय.

शांतता गेली की ५ सेकंदांचा क्रॉसफेड एकदम फार लांब वाटायला लागतो. इतके दिवस तो शांततेवर खर्च होत होता, आता तो गाण्यावर होतो. शेवटच्या ओळीवर पुढच्या गाण्याचं व्हायोलिन चढतं. क्यू लावल्यावर क्रॉसफेड २ सेकंदांवर आणा, मग ऐकून ठरवा.

दुसरा दोष दुहेरी फेडचा. कित्येक गाणी स्टुडिओतच हळूहळू विरत संपवलेली असतात. त्यांच्यावर स्टेशनचा फेड आउट बसला की आवाज दोनदा उतरतो आणि मध्ये खड्डा पडतो. अशा गाण्यांना फेड आउट ० द्या आणि ओव्हरलॅप वाढवा, म्हणजे गाणं स्वतःच्या फेडने जाईल आणि पुढचं त्याच्या शेपटीवर सुरू होईल.

जिंगलचा प्रश्न त्याहून किचकट. ४ सेकंदांची जिंगल आणि ५ सेकंदांचा क्रॉस यांचं गणितच बसत नाही, जिंगल कापली जाते किंवा नुसती ओझरती ऐकू येते. बरेच जण जिंगलवर लिक-क्रॉस-ड्युरेशन ० लिहितात आणि तरी जिंगलची सुरुवात गाण्याखाली दबते. कारण तो आकडा त्या ट्रॅकच्या शेवटाला लागू होतो. गाणं संपून जिंगल येते तो सांधा गाण्याच्या आकड्याने होतो, जिंगलच्या नाही. गाण्याकडून जिंगलकडे जाताना फेड नको असेल तर ट्रान्झिशनच्या फंक्शनमध्ये ‘येणारा ट्रॅक जिंगल आहे का’ हे बघून वेगळी वाट काढावी लागते.

नवा_माउंट

इतकी आकडेमोड करण्यापेक्षा ऑटोक्यू का लावत नाही? नव्या लिक्विडसोपमध्ये आहे, आझुराकास्टच्या क्रॉसफेडच्या सेटिंगमध्येही पर्याय आहे.

फेडर_खाली

भावगीतं, सिनेगीतं असलं सरळ साहित्य असेल तर लावा, मजेत चालेल. ऑटोक्यू ठरावीक डीबीवर अडून बसत नाही, गाण्याच्या स्वतःच्या लाउडनेसशी तुलना करून क्यू आणि ओव्हरलॅप ठरवतो. दुहेरी फेडचा दोष बराच कमी होतो.

पण मग तीच गोष्ट तंबोऱ्याच्या मुळावर येते. द्रुतातल्या तानांच्या मानाने सुरुवातीचा तंबोरा फारच खाली असतो, ऑटोक्यू त्याला बिनकामाचा समजतो. तबकड्यांवर खरखरीला संगीत समजण्याचा संभव उलट बाजूने. शिवाय विश्लेषणासाठी अख्खी फाइल उलगडावी लागते. ४ मिनिटांच्या गाण्याला ते जाणवत नाही. तासाभराची फाइल रास्पबेरी पायवर, ऐन पुढचा ट्रॅक तयार करायच्या वेळी, म्हणजे आधीचं गाणं संपलं तरी पुढचं तयार नाही.

धागाकर्त्यांसाठी माझा सल्ला: भावगीतांना ऑटोक्यू किंवा स्क्रिप्ट, काहीही. ख्याल आणि तबकड्यांना आधीच काढून ठेवलेले, तपासलेले आकडे. दोन्ही एकाच फाइलवर नकोत. कोणाचा आकडा वरचढ ठरला हे शोधण्यात दुपार जाते.

जुना_आइस

सगळेच लिक्विडसोपवर नसतात, म्हणून दुसरी बाजू. आइसेस ०.४ सारखा साधा स्रोत (आइसकास्टला गाणी पाठवणारा प्रोग्रॅम) असेल तर तो एमपी३ जशीच्या तशी पुढे ढकलतो, मध्ये उलगडत नाही. तिथे क्यू पॉइंटला अर्थ नाही, फाइलच कापावी लागते. पण ती पुन्हा एन्कोड न करता कापता येते.

एमपी३ फ्रेमच्या सीमेवरच कापता येतो. एक फ्रेम ११५२ सॅम्पलची, ४४.१ किलोहर्ट्झला २६.१२ मिलिसेकंद. म्हणजे कापाची जागा तेवढी इकडेतिकडे, शांततेत कापायचं असेल तर कोणाला कळणार नाही. एमपी३डायरेक्टकट किंवा एमपी३स्प्लिट हे करतात, एफएफएमपेगमध्ये कोडेक ‘कॉपी’ ठेवूनही होतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, बिट रिझर्व्हॉयर: एखादी फ्रेम आपला काही डेटा आधीच्या फ्रेमांत ठेवते. आधीची फ्रेम कापली की नव्या पहिल्या फ्रेमला तो मिळत नाही, क्षणभर खरवडल्यासारखा आवाज येतो किंवा ती मुकी जाते. म्हणून काप नेहमी शांततेत घ्या, नादाच्या मधोमध नको. दोन, व्हीबीआर (बदलत्या बिटरेटच्या) फाइलच्या तोंडाशी असलेला झिंग हेडर जुनीच लांबी सांगत राहिला तर तासाचं वेळापत्रक चुकतं. कापल्यावर लांबी पुन्हा मोजून घ्या. तीन, एन्कोडरची स्वतःची भर. लेम हा एमपी३ एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पल घालतो, डीकोडरचा उशीर ५२९, मिळून ११०५ सॅम्पल, म्हणजे २५ मिलिसेकंद. ही कापून जात नाही. सलग मैफलीचे दोन ट्रॅक या रस्त्याने कधीच बिनसांध्याचे वाजणार नाहीत.

बत्ती_गुल

एवढं करूनही एखादी फाइल अर्ध्यात मुकी निघाली तर रात्री तीनला काय?

वर्तुळ_पूर्ण

लिक्विडसोपचा ब्लँक-स्किप. ठरावीक वेळ शांतता टिकली की पुढच्या ट्रॅकवर उडी. मुळात २० सेकंद आणि उणे ४० डीबी असतो. उणे ४० तुमच्या ख्यालांना घातक, आलापात २० सेकंद त्याखाली सहज जातात. उणे ५५ डीबी आणि ३० सेकंद ठेवा.

आइसकास्ट हे काम करणार नाही. त्याच्या दृष्टीने शांतताही डेटाच आहे, एन्कोडर ती इमानेइतबारे पाठवत राहतो. स्रोताकडून डेटा यायचाच थांबला तर त्याची १० सेकंदांची मुदत लागू होते आणि तुम्ही लावला असेल तर फॉलबॅक माउंट (पर्यायी प्रवाह) पुढे येतो. मुक्या फाइलीला ते कळत नाही.

कोमल_रिषभ

आत्तापर्यंतचं: फोल्डर तीन केले, प्रत्येकाला वेगळा थ्रेशोल्ड. स्क्रिप्ट चालली, सीएसव्ही भरली. आता तपासणी. थेट प्रसारण ऐकून लॉगशी ताडून बघतोय पण वेळा जुळत नाहीत, सांधा ५-६ सेकंद उशिरा ऐकू येतो.

जुना_आइस

जुळणार नाहीत. आइसकास्ट जोडणी होताच ६४ केबीचा झोत पाठवतो, १२८ केबीपीएसला तो ४ सेकंदांचा होतो. त्यावर तुमच्या प्लेयरचा बफर. प्रवाह ऐकून क्यू तपासू नका.

फेडर_खाली

सर्व्हरवरच तपासा, प्रवाहाबाहेर. प्रत्येक फाइलचे क्यू इनपासूनचे पहिले ५ सेकंद आणि क्यू आउटपर्यंतचे शेवटचे ५ सेकंद कापून एकापुढे एक जोडा. २२०० × १० म्हणजे २२,००० सेकंद, सहा तासांच्या वर. सगळं ऐकायची गरज नाही. सीएसव्हीत दोन रकाने वाढवा, सुरुवातीचे किती कापले आणि शेवटचे किती, आणि उतरत्या क्रमाने लावा. सुरुवातीचे ५ सेकंदांहून जास्त किंवा शेवटचे १२ हून जास्त कापलेले सगळे ऐका. जिथे दोन्ही शून्य आलेत तेही ऐका, तिथे बहुधा शोधच फसलेला असतो. उरलेल्यांतून ५० चाळून घ्या.

ऐकताना हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर उणे ५० डीबीची शेपूट कधीच ऐकू येत नाही.

कोमल_रिषभ

वरच्या चाळणीत ८३ फाइली आल्या. त्यांतल्या ११ मध्ये शेवटी १४ ते २० सेकंद कापलेत. सगळी थेट मैफलीतली नाट्यपदं, टाळ्या संपल्यावर लांब शांतता, मग निवेदकाचं एक वाक्य आणि पुन्हा शांतता, कापली गेली ती ही शेवटची. ते वाक्य राहिलंय, त्याआधीची शांतता राहिलीये, क्यू आउट वाक्यानंतर लागलाय.

सा_पासून_सा

मग ‘टोकाला भिडलेली शांतता’ ही अट बरोबरच चाललीये, तुम्हाला निवेदन नको आहे एवढंच. त्या ११ चा क्यू आउट हाताने लावा: टाळ्या चढून उतरायला लागल्या की साधारण ३ सेकंदांनी, फेड आउट २.५. टाळ्या पूर्ण संपेपर्यंत थांबू नका आणि गाणं संपताक्षणीही कापू नका, पहिल्या टाळीवर काप पडला तर दार आपटल्यासारखा आवाज येतो.

वर्तुळ_पूर्ण

आणि हाताने लावलेल्या या ११ ची नोंद सीएसव्हीत वेगळ्या रकान्यात करून ठेवा. पुढच्या महिन्यात नव्या फाइलींसाठी स्क्रिप्ट पुन्हा फिरवाल तेव्हा ती हे आकडे पुसून टाकेल. स्क्रिप्टमध्ये एक ओळ: तो रकाना भरलेला असेल तर त्या फाइलला हात लावू नकोस. मूळ फाइल बदलून त्याच नावाची नवी चढवलीत तर मात्र खूण काढा, जुने सेकंद नव्या फाइलवर बसणार नाहीत.